देखणी की दमाची? खेड्यासाठी ई-सायकल पारखताना

दुकानात मांडलेली ई-सायकल डांबरी रस्ता, फ्लॅटचं पार्किंग आणि दहा मिनिटांवरचं सर्व्हिस सेंटर डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली असते. विदर्भात आर्वीकडच्या किंवा दारव्ह्याकडच्या एखाद्या गावात तिला जुलैत पांदणीचा, म्हणजे शेतवाटेचा गारा (चिकट चिखल) भेटतो, दिवाळीनंतर बाभळीचा काटा आणि मे महिन्यात ४५ अंशांची दुपार. तिन्हीला ती तोंड देईल का, हे कंपनीच्या कागदावर नसतं. ते सायकलकडे बघून ओळखावं लागतं.

ओळखायची खूण सोपी आहे. सायकल देखणी करायची म्हणजे बहुतेक वेळा वस्तू झाकायच्या : वायरी फ्रेमच्या पोटात, बॅटरी नळीच्या आत, मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर कुठेतरी बुडाशी, लाइट हँडलमध्ये. झाकलेली वस्तू बिघडली की ती उघडणारा माणूस लागतो, आणि तो तुमच्यापासून ४० किलोमीटरवर असतो. म्हणून चाक, कॅरिअर आणि बॅटरी या तिघांना शिवणारा देखणेपणा नाकारा. बाकी रंग, सीट, हँडलचा बाक, घंटी मनासारखी घ्या. त्यात कंजुषी करण्याचं कारण नाही. आवडलेली सायकल पुसली जाते, तिच्या चेनला तेल मिळतं, आणि न आवडलेली कुटाराच्या खोलीत धूळ खात पडते.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. मोटर २५० वॉटच्या आत, ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत बंद आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर नोंदणी आणि लायसन लागत नाही. मात्र त्या मॉडेलला एआरएआय किंवा आयकॅटसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र हवं; ते दाखवायला सांगा. ‘स्पीड खोलून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला हात जोडा. वेग वाढवला की ती कायद्याने मोटर वाहन ठरते, आणि कंट्रोलर जळाला तर वॉरंटीही मिळत नाही.

बॅटरी : आधी हिशेब, मग रूप

बॅटरीवर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर-तास. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॉट-तास, आणि तोच खरा साठा. ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-तास म्हणजे सुमारे २८० वॉट-तास. नुसत्या थ्रॉटलवर, पॅडल न मारता, सपाट रस्त्याला किलोमीटरमागे १२ ते १५ वॉट-तास जातात. म्हणजे ही बॅटरी २० किलोमीटरला बसते. मधल्या असिस्टवर (पॅडलला मोटरची मदत) बरोबरीने पॅडल मारलं तर खर्च ७ ते ९ वर येतो आणि तीच बॅटरी ३० ते ४० किलोमीटर जाते. ‘५० किलोमीटरपर्यंत’ असं छापलेलं असतं, त्यातल्या ‘पर्यंत’कडे लक्ष द्या. तो आकडा हलका माणूस, डांबरी रस्ता, सर्वांत कमी असिस्ट आणि नवी बॅटरी धरून काढलेला असतो.

आपला हिशेब उलट्या बाजूने करा. समजा तहसील १३ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन २६. मागे थोडं ओझं आणि मुरमाचा रस्ता धरून किलोमीटरमागे १० वॉट-तास घ्या, म्हणजे २६०. बॅटरी पूर्ण कोरडी करायची नाही, पाचवा हिस्सा राखून ठेवायचा. २६० ला ०.८ ने भागा, ३२५ झाले. दोन-तीन वर्षांनी बॅटरीचा दम ८० टक्क्यांवर येणार, म्हणून पुन्हा ०.८ ने भागा. उत्तर ४०६. आता ३६ व्होल्ट १०.४ ची बॅटरी म्हणजे ३७४ वॉट-तास, थोडी कमी पडते. १२.८ ची म्हणजे ४६१, ती पुरते. बारीक नळीत लपवलेल्या सुबक बॅटऱ्या बहुधा सात-आठ अँपिअर-तासांच्याच असतात, कारण त्याहून जास्त सेल त्या नळीत मावतच नाहीत. इथे देखणेपणाची किंमत सरळ किलोमीटरमध्ये मोजता येते.

त्याहून महत्त्वाचं, बॅटरी चावीने सुटून हातात येते का. येत नसेल तर अख्खी सायकल प्लगपर्यंत न्यावी लागणार. घरात जाईपर्यंत ओट्याच्या तीन पायऱ्या असतात, सायकल २२-२५ किलोची असते, आणि पावसाळ्यात तिच्या चाकांना तेवढाच चिखल असतो. सुटणारी बॅटरी तीन-चार किलोची; पिशवीत घालून थंड खोलीत नेता येते.

थंड खोली ही चैन नाही. लिथियम सेल साधारण शून्य ते ४५ अंशांतच चार्ज करायचे असतात. अकोला, चंद्रपूर, वर्धा इथे मेमध्ये बाहेरचीच हवा तिथवर जाते. उन्हात उभ्या काळ्या फ्रेमच्या आतलं तापमान त्याहून बरंच वर असतं. अशा वेळी चांगली बॅटरी चार्जिंग नाकारते आणि हलक्या दर्जाची बॅटरी मुकाट्याने चार्ज होत राहून फुगते. म्हणून उन्हाळ्यात, निदान नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत तरी, पहाटे चार-पाचला चार्जिंग लावा. सायकल चालवून आल्यावर तासभर बॅटरी निवू द्या, मग पिन लावा. टिनाच्या खोलीत दुपारी चार्जिंग नको. गादीवर, कापसाच्या ढिगाजवळ किंवा घराच्या एकुलत्या दाराच्या तोंडाशी तर कधीच नको. फरशी किंवा शेणाने सारवलेली जमीन चांगली.

चार्जर २ अँपिअरचा असेल तर १२.८ ची बॅटरी भरायला सहा ते सात तास लागतात. गावठाणाची वीज मध्येच जात असेल तर ३ अँपिअरचा चार्जर मागा, पण बॅटरीच्या लेबलवर तेवढा करंट चालतो असं लिहिलेलं असेल तरच. चार्जरवर इनपुट व्होल्टेज बघा. १०० ते २४० लिहिलेला चार्जर संध्याकाळी पडलेल्या व्होल्टेजवरही चालतो, १८० ते २४० वाला लागून-सुटून त्रास देतो. वीज गेली की बटण बंद करा, आल्यावर पाच मिनिटांनी लावा. येतानाचा झटका चार्जरचा जीव घेतो. आणि शेजाऱ्याचा चार्जर पिन बसते म्हणून लावू नका. ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्ट देतो, ४८ चा ५४.६ देतो. अशा अदलाबदलीतून आग लागू शकते.

पावसात पांदण बंद झाली आणि महिनाभर सायकल उभी राहणार असेल तर लिथियम बॅटरी अर्धी भरून ठेवा. स्वस्तातल्या गाडीत लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, तिचा नियम नेमका उलटा : ती पूर्ण भरून ठेवायची आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भरायची, नाहीतर प्लेटा खराब होतात. लेड-अ‍ॅसिड जड असते आणि एक-दीड वर्षात दमते. रोजच्या सायकलीला ती घेऊ नये.

चाक आणि गारा

काळ्या मातीचा गारा टायरला चिकटतो, टायरबरोबर फिरतो आणि मडगार्डखाली जाऊन ठाण मांडतो. दहा-बारा फेऱ्यांत चाक जाम. वाळला की सिमेंटसारखा. स्क्रू-ड्रायव्हरने कोरून काढावा लागतो. शहरी मॉडेलचं मडगार्ड टायरला लागून, बारीक, सुरेख असतं. तेच इथे नडतं. टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं आडवी जातात का पाहा. फ्रेमच्या मागच्या दोन दांड्यांमध्येही टायरच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा हवी. नसेल तर जून ते सप्टेंबर मडगार्ड काढून ठेवा, पाठीवर चिखलाची रेघ उठेल ती उठू द्या.

टायर २६ इंची, १.९५ ते २.१ रुंदीचा घ्या. ही ट्यूब तहसिलीच्या कोणत्याही सायकल दुकानात मिळते. चार इंची जाड टायर फोटोत रुबाबदार दिसतो, पण गाऱ्यात तोच सर्वांत जास्त माती उचलतो, बॅटरी खातो आणि त्याची ट्यूब मागवावी लागते. २० इंची फोल्डिंग सायकल बसमध्ये घालायला बरी, बंडीच्या चाकोरीत मात्र तिचं चाक आडवं होतं. पुढच्या स्वस्त शॉकरचाही मोह नको. दोन-अडीच किलो वजन वाढतं आणि दोन पावसाळ्यांत तो गंजून ठप्प होतो. साधा फोर्क आणि ४० पीएसआय हवेचा रुंद टायर यांनी तेवढंच काम होतं.

व्हॉल्व्ह बघायचा राहतो आणि मग पहिल्याच पंक्चरला आठवतो. महागड्या सायकलीला बारीक, वरचं टोक स्क्रूने सैल करायचा व्हॉल्व्ह असतो. गावच्या पंपाचं तोंड त्याला बसत नाही. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असलेली ट्यूब मागा. त्याच व्हॉल्व्हमधून सीलंटही भरता येतं : गाभा काढून एका ट्यूबला १०० ते १२० मिली, मग चाक चार-पाच वेळा फिरवायचं. बाभूळ, बोर, सराटा यांची बारीक छिद्रं त्याने बुजतात. खिळा गेला किंवा ट्यूब चिरली तर सीलंट उपयोगाचं नाही.

मागच्या चाकात मोटर असेल (बहुतेक सायकलींत तिथेच असते) तर पंक्चरसाठी चाक काढायचीच गरज नाही. पुष्कळ पंक्चरवाले सवयीने काढायला जातात आणि मोटरची वायर ओढून तोडतात. त्यांना थांबवा आणि असं करवून घ्या :

१. स्विच बंद करून बॅटरी काढा. सायकल उलटी करायची असेल तर खाली पोतं टाका, डिस्प्ले घासला जातो.

२. चेन नसलेल्या बाजूने टायरची कड रिमवरून उतरवा. लोखंडी टॉमी रिमच्या आत फार खोल घालू नका.

३. ट्यूब त्याच बाजूने बाहेर ओढा, हवा भरून छिद्र शोधा, घासून पॅच लावा.

४. टायरच्या आतून बोट नाही, कापडाची चिंधी फिरवा. काट्याचं टोक अडकलेलं असतं आणि ते राहिलं तर घरी पोचायच्या आत पुन्हा हवा जाते.

५. ट्यूब आत ढकला, कड हाताने बसवा, शेवटचा वीतभर भाग व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला नव्हे तर व्हॉल्व्हच्या जागी येऊ द्या.

ट्यूबच बदलायची असेल तर चाक काढावं लागतं. बॅटरी आधी काढा, मग मोटरच्या वायरीचा जोड सरळ रेषेत ओढून सोडवा; पिळू नका, आतल्या पिना वाकतात. जोडावर बाणाच्या खुणा असतात, लावताना त्या समोरासमोर आणा. एक्सलचे नट बहुधा १८ नंबरच्या पान्याने सुटतात. नटाखालच्या वॉशरला एक दात असतो. तो फ्रेमच्या खाचेत बसलाच पाहिजे. हा वॉशर उलटा लागला किंवा नट ढिला राहिला तर मोटर जोर लावते तेव्हा चाकाऐवजी एक्सल फिरतो आणि वायर मुळातून पिळली जाते. नट सुमारे ४० न्यूटन-मीटरने आवळायचा. टॉर्क पाना गावात कुठून येणार, तेव्हा फूटभर लांब पान्याच्या टोकाला १३-१४ किलोचा जोर असं समजा. वायर एक्सलमधून निघते ती जागा खाली तोंड करून ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न जाता थेंबाने खाली पडतं.

याच कारणाने नाल्यातून सायकल घालताना पाणी चाकाच्या मध्यापर्यंत येऊ देऊ नका. २६ इंची चाकाचा मध्य जमिनीपासून सव्वा फुटाच्या आत असतो. वीतभर पाणी ठीक, त्यापुढे उतरून पुलावरून जा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा तर मोटर आणि डिस्प्ले दोघांनाही वर्ज्य. ओलं फडकं आणि जुना ब्रश पुरतो.

मोटरच्या चाकाचे तार साध्या सायकलीपेक्षा जाड हवेत. साधे १४ गेजचे, म्हणजे २ मिलिमीटरचे असतात; मोटरला १३ किंवा १२ गेज (२.३ ते २.६ मिमी) बरे. पहिल्या २०० ते ३०० किलोमीटरनंतर तार सैल पडतात. बोटाने छेडून बघा. एखादा भद्द आवाज करत असेल तर त्या वेळीच आवळून घ्या. एक तुटला की शेजारचे रांगेने जातात.

ओझं

शहरातली सायकल लॅपटॉपची बॅग नेते. इथे दुधाची कॅन, ढेपेचं चुंगडं, फवारणीचा पंप, कधी दोन्ही हातांत न मावणारी कापसाची गाठोडी. कॅरिअरवर कोरलेला आकडा वाचा. फ्रेमला बोल्टने कसलेल्या पोलादी कॅरिअरवर बहुधा २५ किलो लिहिलेलं असतं. सीटच्या दांडीला चिमट्याने पकडणारं, सुंदर तरंगतं कॅरिअर नऊ-दहा किलोचंच असतं, आणि खड्ड्यात ते एका बाजूला फिरतं. फ्रेमला कॅरिअरसाठी आटे पाडलेली भोकंच नसतील तर ती सायकल तिथेच बाद समजा. पुढे वेल्डिंग करून कॅरिअर बसवण्याचा विचारही नको. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम साध्या वेल्डिंगने कमजोर होते.

१० लिटरची भरलेली कॅन १२-१३ किलोची होते. दोन कॅन दोन बाजूंना लटकवल्या तर चालतं, एकच लटकवली तर हँडल ओढत राहतं. युरियाची ४५ किलोची गोणी या सायकलीचं काम नाही, किती का जवळचं वावर असेना. स्वाराचं वजन आणि ओझं मिळून बहुतेक सायकलींची मर्यादा ११० ते १२० किलो असते; ७० किलोच्या माणसामागे गोणी टाकली की ती संपली.

आता एक गोष्ट पुरुषांना पटवणं कठीण जातं. आडवी दांडी नसलेली, खाली वाकलेली फ्रेम ‘बायकांची’ म्हणून नाकारली जाते. पण मागे चुंगडं बांधलं की मागून पाय फिरवून बसताच येत नाही. वाकलेल्या फ्रेमवर पुढूनच पाय टाकता येतो, उतरताना ओझ्यासकट तोल जात नाही, साडी आणि धोतर दोन्ही सांभाळलं जातं. घरात तिघं-चौघं एकच सायकल चालवणार असतील तर हीच घ्यावी. बॅटरी मात्र कॅरिअरखाली असलेली नको. सगळं वजन मागे जातं आणि प्रत्येक दणका बॅटरीला बसतो. ती सीटच्या नळीजवळ किंवा पुढच्या तिरप्या नळीवर हवी.

एका बाजूचा स्टँड काळ्या मातीत रुततो आणि भरलेली सायकल कॅनसकट आडवी होते. दोन पायांचा स्टँड लावून घ्या. दिसायला ओबडधोबड आहे, पण दूध सांडत नाही.

वायरी, डिस्प्ले, ब्रेक

फ्रेमच्या बाहेरून पट्ट्यांनी बांधलेल्या वायरी गबाळ्या दिसतात, पण उंदराने कुरतडली तर कुठे कुरतडली ते दिसतं. आतून गेलेली वायर बदलायला अर्धी सायकल सुटते. डिस्प्ले बटणांचा, काळ्या-पांढऱ्या आकड्यांचा घ्या. रंगीत चकचकीत पडदा भर उन्हात वाचता येत नाही. अ‍ॅपशिवाय सुरूच न होणारी सायकल नको. लॉगिनला नेटवर्क लागलं आणि तुम्ही धुऱ्यावर असलात तर काय करणार? डिस्प्लेत ‘वॉक’ची सोय असेल तर उत्तम, ओझं घेऊन चढावर ढकलताना मोटर पायी चालण्याच्या वेगाने साथ देते.

ब्रेक तारेचे डिस्क घ्या. तेलाचे हायड्रॉलिक हलके लागतात, पण त्यांत हवा शिरली तर तहसिलीत कोणी काढून देत नाही. ब्रेकच्या दांडीत मोटर बंद करणारा स्विच आहे का, तेही तपासा.

आणि मोटरला गाऱ्यात एकटं झुंजू देऊ नका. हब मोटर (चाकातली मोटर) मंद फिरते तेव्हा वीज चाक फिरवण्याऐवजी उष्णतेत जाते. चाक अडलेलं असताना थ्रॉटल धरून ठेवलं तर कंट्रोलर तापून बंद पडतो किंवा जळतो. पॅडल मारा, नाहीतर उतरा. मेळघाटातला चढ रोजचा असेल तर हब मोटरऐवजी पॅडलपाशी बसवलेली मोटर बघा. ती गिअर वापरते, म्हणून चढते. बदल्यात चेन लवकर झिजते.

दुकानात जाताना

सोबत १५-२० किलो तांदळाचं चुंगडं न्या. दुकानदार हसला तर हसू द्या. ते कॅरिअरवर बांधून अर्धा तास चालवा, त्यातला एक किलोमीटर मोटर बंद करून. बॅटरी संपल्यावर घरी यायचं ते असंच. मग सायकल पूर्ण उचलून एका पायरीवर ठेवून बघा. बॅटरी स्वतःच्या हाताने काढा-लावा. मागचं चाक उचलून थ्रॉटल द्या आणि ब्रेक दाबा, मोटर लगेच थांबली पाहिजे.

बिलावर बॅटरीचा सिरियल नंबर वेगळा लिहून घ्या. बॅटरीची वॉरंटी किती महिने, क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळणार, आणि बॅटरी नेण्या-आणण्याचं भाडं कोण भरणार, हे तोंडी नको. एक जास्तीची ट्यूब, ब्रेक पॅडची जोडी आणि मोटरच्या नटांचा पाना त्याच दिवशी घेऊन टाका.